सुमित्राक्काची पाणझाडं

सुमित्राक्का गिऱ्हाईकाला आधी झाडायची आणि मग माल द्यायची. येलहंक्याच्या जुन्या बाजारात तिचं शोभेच्या माशांचं आणि पाण्यातल्या झाडांचं दुकान होतं. पुण्याहून बंगळुरात नोकरीसाठी आले त्या वर्षी मी रिकाम्या घराला कंटाळून दीड फुटी काचेची टाकी घेतली आणि फोनमधला फोटो तिच्यापुढे धरला. म्हटलं, असली लाल झाडं हवीत.

तिने फोटोकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "पहिलीच टाकी ना? मग लाल मागू नकोस. त्याला प्रखर दिवा लागतो, पाण्यात गॅस सोडावा लागतो. जावा फर्न ने. दगडाला दोऱ्याने बांध, वाळूत पुरलंस तर कुजेल. आणि हे क्रिप्ट, हे मात्र वाळूत रोव. सरी?"

तिच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या बंगळुरातच गेलेल्या, त्यामुळे मराठीत कानडी मिसळल्याशिवाय तिचं वाक्य पुरं होत नसे. मला हसू आलं. "हसतेस काय गं? तुमच्या पुण्याचं तेवढं मराठी आणि आमचं काय चुलीत घालायचं?" मी मुकाट्याने "सरी", म्हणजे बरं, म्हटलं.

दहा दिवसांत क्रिप्टची सगळी पानं विरघळून चिखल झाली. मी ते उपटून ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकलं आणि भांडायला दुकानात गेले. मेलेलं झाड विकलंत, असं चार लोकांत म्हणाले. अक्का स्टुलावरून उठली. "मुळं बघितलीस का?"

"पानंच नाहीत तर मुळं काय बघायची?"

"घरी जा. कचरावाला यायच्या आत बादलीतून काढ आणि इथे घेऊन ये. तोपर्यंत माझ्याशी बोलू नकोस."

शी! भाताच्या शितांतून आणि चहाच्या चोथ्यातून मी ते झाड शोधलं. अक्काने नळाखाली धरलं. मुळं पांढरीशुभ्र, कडक. "जागा बदलली की हे रुसतं. पानं टाकतं. स्वल्प थांबायचं असतं. तू आलीस तेव्हा काय लगेच नाचत होतीस?" मला एकदम रडूच आलं. तिने पदराने माझे हात पुसले आणि झाड परत दिलं. महिन्याभरात त्याला तपकिरी, सुरळीसारखं पान फुटलं.

तेव्हापासून माझा शनिवार तिच्या दुकानात जायचा. तिचा मुलगा मोहन बंगळुराबाहेर होसकोट्याला कारखान्यात होता. त्याचं एकच पालुपद, "आई, प्लास्टिकची झाडं ठेव. मरत नाहीत, कटकट नाही." अक्का पाण्यातून हात न काढता म्हणायची, "मी आहे तोवर या दुकानात खोटं पान येणार नाही. बेडा म्हणजे बेडा, नकोच."

मग अक्का घरात पडली, मांडीचं हाड मोडलं. मोहनने दुकानाला कुलूप लावलं आणि तिला होसकोट्याला नेलं. हाड सांधलं, पण तीन महिन्यांनी मी गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. अर्धी उरली होती. जेवत नव्हती, बोलत नव्हती. मोहन दारात हळूच म्हणाला, "आता काय राहिलंय तिच्यात? दुकान देऊन टाकतो कुणाला तरी."

मला असा संताप आला! तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी म्हणाले, "मुळं बघितलीस का, मोहनअण्णा?"

अक्काने मान वळवली. "काठी कुठाय माझी?" मग मुलाकडे बघून, "डॉक्टर चालायला सांगतो की नाही? मग मी दुकानात चालीन. गाडी काढ."

मोहन चिडला, हात जोडले, शेवटी गाडी काढली. त्यानंतर दोन वर्षं अक्का येलहंक्याच्या घरी राहून काठी टेकत रोज दुकानात आली. स्टूल गेलं, खुर्ची आली, एवढाच फरक. गिऱ्हाइकांना झाडणं तसंच.

गेल्या पावसाळ्यात ती झोपेतच गेली. मी महिनाभर त्या रस्त्याने फिरकले नाही. फिरकवेना. तिथे हिरवीगार प्लास्टिकची पानं टांगलेली बघण्यापेक्षा न बघितलेलं बरं.

मग एका शनिवारी मोहनचा फोन आला. मागे पाण्याचा आवाज येत होता.

"दुकान रिकामं करायला आलोय. कोपऱ्यातल्या टाकीतलं क्रिप्ट पार गेलं, एक पान नाही. फेकायला काढलं होतं. पण मुळं पांढरी आहेत गं. आता काय करायचं असतं?"

"परत रोव," मी म्हटलं, "आणि स्वल्प थांब. मी आलेच."

पोचले तेव्हा शटर पूर्ण वर होतं आणि मोहन बाह्या सारून कोपरापर्यंत पाण्यात होता.