अंतरपाट कुणी विसरला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. मग तुम्हालाच का सांगते आहे? — तुम्ही आमच्या घरातले नाही, म्हणूनच बहुधा.

मी याद्या करणारी बाई. भिंगारच्या आमच्या घरातलं कुठलंही कार्य माझ्या यादीशिवाय होत नाही. त्रेसष्ट साली नणंदेचं लग्न होतं, पारनेरला, मुलाच्या दारी. सगळं सामान ट्रकनं न्यायचं. सुपारीपासून सतरंजीपर्यंत एकशे बारा वस्तू लिहिल्या होत्या मी — आणि नवरा-नवरी समोरासमोर उभी राहिल्यावर कळलं, मध्ये धरायला अंतरपाटच नाही.

धाकटी जाऊ शांता तेव्हा नवी होती, लग्नाला चार महिने झालेली. ती धावत गेली. तिच्या वडिलांनी जावयाला, म्हणजे माझ्या दिराला, दिलेलं कोरं धोतर ट्रंकेतून काढून आणलं, त्यावर कुंकवानं स्वस्तिक काढलं. मुहूर्त साधला.

मग सासूबाईंनी विचारलं, अंतरपाट कुणाकडे होता? मी म्हणाले, शांताकडे. यादीत तसं लिहिलेलंही होतं. सगळ्यांना पटलं — विसरली म्हणून तर धावली ना? तिलाही पटलं. नव्या सुनेला दिवसात पन्नास कामं सांगतात. हेही सांगितलं असेल, असं तिला वाटलं.

तेव्हापासून घरात लग्न निघालं की कुणीतरी म्हणायचंच, "शांते, अंतरपाट घेतलास का?" ती हसायची. पुढे हसेनाशी झाली. दीर आणि ती मिरजगावला दुकान टाकून राहिले, आणि लग्नकार्याला तिनं येणंच सोडलं.

एकाहत्तरच्या वैशाखात माझ्या सुमनचं लग्न ठरलं. अक्षत द्यायला सासूबाई, सुमन आणि मी मिरजगावला गेलो. चहा देत शांता मला म्हणाली, "आक्का, हे येतील. मी घर बघते."

सुमनचं तोंड उतरलं. "काकू नसेल तर मला नाही लग्न करायचं."

"येऊ दे की. अंतरपाट तेवढा..." सासूबाई सवयीनं सुरू झाल्या. मी त्यांना मध्येच तोडलं. सुमनला म्हणाले, "तुझ्या आत्याचं लग्न या काकूनं कसं लावलं, ते ऐक." आणि गोष्ट विसरण्यापासून नाही — धोतरापासून सुरू केली.

तीच गोष्ट, तीच माणसं. पण सासूबाईंना वेगळंच आठवायला लागलं. "स्वस्तिक काढताना हिचा हात लई थरथरत हुता."

"थरथरत न्हवता, आत्याबाई. कुंकू संपलं हुतं. शेवटची रेघ हळदीनं वढली मी."

"म्हंजी माज्या जावयाचं लगीन हळदीच्या रेघेवर लागलं व्हय?"

"म्हणून तर अजून पिवळे पडत्यात, तुमाला बघून."

आम्ही पोट धरून हसलो. आठ वर्षांत शांता सासूबाईंना असं उलटून बोलली नव्हती, आणि सासूबाईंनाही ते इतकं आवडलं नव्हतं. ती लग्नाला आली. चार दिवस आधी आली. सुमनच्या अंतरपाटावर स्वस्तिक तिनंच काढलं, मुद्दाम एक रेघ हळदीची. आता घरात गोष्ट अशीच सांगतात, आणि सांगताना कुणी तरी नवं काही जोडतंच.

पण माझ्या यादीत अंतरपाट नव्हता. मी लिहायलाच विसरले होते. सासूबाईंनी विचारलं तेव्हा मांडवाच्या खांबाआड उभी राहून पेन्सिलीनं ती ओळ मी घातली — अंतरपाट, शांता. मग तिला दाखवलीसुद्धा. विसरणं समजू शकते मी. पण दाखवणं? ती वाचत होती, आणि मी तिच्याकडे बघत होते.

मिरजगावला त्या दिवशी खरं सांगता आलं असतं. सगळ्या हसत होत्या, ऐकूनही घेतलं असतं. नाही सांगितलं.

परवा शांता सुमनच्या सासूला म्हणाली, "आमच्या आक्का हायेत, म्हणून मी या घरात परत आले." मी शेजारीच बसले होते. मी ते ऐकून घेतलं.