दादाने मला पाहुणा केलं

तिसगावच्या स्टँडवर एसटी सुटायच्या आधी वडिलांनी खिडकीचा गज धरून एवढंच सांगितलं, "परक्याचं घर हाय. कुनाला तरास देऊ नको." सातवीतच माझी शाळा सुटली होती. भिंगारच्या एका मिलिटरी साहेबांची जबलपूरला बदली झाली, घरकामाला त्यांनी मला सोबत नेलं. त्यांचे उपकार विसरणार नाही. रोज पोटभर गव्हाची पोळी मला तिथेच मिळाली.

बाईसाहेबांनी पहिल्याच आठवड्यात एक वाक्य शिकवलं. सॉरी टू ट्रबल यू. दारावर टकटक करायची, हे म्हणायचं, मग काय ते विचारायचं. साबण संपला, अंगात ताप भरला, आधी सॉरी. मला ते आवडलं. वडिलांचंच बोलणं, फक्त इस्त्री केलेलं.

दुष्काळाच्या साली रजेवर घरी गेलो. वडील तोवर वारले होते. दादा आणि वहिनी दिवसभर खडी फोडून आलेले, वहिनींच्या हातांना फोड. ताटात रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीची तांबडी भाकरी. अजून अर्धी हवी होती, पण त्यांच्या तोंडचा घास मागायचा कसा? आपोआप तेच वाक्य तोंडातून निघून गेलं.

वहिनी हसल्या. "म्हंजी काय ओ, भावजी?"

तुम्हाला त्रास देतोय, माफ करा, असं मी सांगितलं. त्यांचं हसू गेलं. "दिरानं भाकर मागितली, त्यात तरास कसला?"

दादा भिंतीकडे बघत म्हणाला, "लई शिकला त्यो. पाव्हन्याला वाढ."

दुसऱ्या दिवसापासून माझं ताट ओसरीवर आलं. ते दोघं चुलीपाशी जेवायचे. टँकर आला म्हणून घागर घेऊन उठलो, तर दादा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, बसा तुमी." सख्खा भाऊ मला अहोजाहो करत होता.

निघताना वहिनींनी कुंकू लावलं. दादाने हातात टॉवेल-टोपी ठेवली, खडीच्या पैशातली.

"दादा, घरच्याला असं देतात का?"

"घरच्याला न्हाई देत."

गावाकडच्यांनो, परक्या दारात वाकायला तुम्हीच शिकवून पाठवता, आणि वाकलेली पाठ दिसली की ओळख देत नाही. माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांना हे सांगायला नको.

यंदाची रजा मंजूर झालीय. पूर्वी कार्डावर लिहायचो, येतोय. या खेपेला लिहिलं, येऊ का?

अजून उत्तर नाही.