तुबलीतील पोटनिवडणूक

शंभू घाडीगावकर हा बहरीनमध्ये एका बंदर-बांधकाम कंपनीची गाडी चालवतो. हे त्याचे काम झाले. त्याचे स्थान निराळे. सिंधुदुर्गातील त्याच्या गावात, वार्षिक जत्रेत ग्रामदेवतेपुढे उभे राहून साऱ्या गावाच्या वतीने गाऱ्हाणे घालण्याचा, म्हणजे गावाचा घाडी होण्याचा मान त्याच्या घराण्याकडे आहे. त्याने देवाकडे मागायचे आणि प्रत्येक मागणीनंतर गावाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. वडील वारल्यावर हा मान थोरला म्हणून शंभूकडे आला. मुलगा पुण्यात नोकरीला. तो या विधीला ‘बाबांचे स्पीच’ म्हणतो. शंभू मात्र वर्षभर गाडी चालवतो ती जत्रेच्या त्या एका रात्रीसाठी.

यंदा भावबंदांनी निरोप धाडला होता: जत्रेला आला नाहीस तर मान चुलतभाऊ तातूकडे जाईल. शंभूने रजा मागितली. कार्यालयातील जमालुद्दीनने उत्तर दिले, “लीव्ह मफी, रजा नाही. लॉर्ड येतोय.”

हा लॉर्ड थॉर्नकम कंपनीचा मानद सल्लागार होता. त्याचे राजकीय जीवन थोडक्यात सांगता येते, कारण ते थोडकेच होते. वडील निवर्तल्यामुळे तो ऐन तारुण्यात ब्रिटनच्या उमराव सभागृहाचा सदस्य झाला आणि आजोबांप्रमाणे हुजूर पक्षाच्या बाकांवर बसला. विसाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक वंशपरंपरागत उमरावांना घरी पाठवण्यात आले, त्यांत तोही गेला. काहींना तेवढे ठेवले होते. त्यांच्यापैकी एक जण मरण पावला, तेव्हा पोटनिवडणूक झाली आणि तिच्यातून थॉर्नकम परत आला. पुढे त्याने बंदरांतील गाळावर तीन भाषणे केली. आता उरलेल्या जागाही रद्द करणारे विधेयक त्या सभागृहापुढे होते.

विमानतळावरून हॉटेलकडे जाताना लॉर्डने सहज विचारले, “घरी सगळे ठीक?” शंभूने मोडक्या इंग्रजीत सगळे सांगितले. असल्या गोष्टीला साहेब लोक हसतात, हा त्याचा अनुभव होता. लॉर्ड हसला नाही.

“किती पिढ्यांचा मान?”

“मोजला नाही, सर.”

“उत्तम. आम्ही मोजतो, तीच आमची चूक.” थोड्या वेळाने तो म्हणाला, “पोटनिवडणूक घ्या. मी तसाच परत आलो.”

“मत कोण देणार?”

“ज्यांचा तो मान असू शकतो तेच. बाकीच्यांचा काय संबंध? एका पक्षात तर सात उमेदवार होते आणि मतदार तीन.”

शंभूला हे पटले. ज्या पद्धतीने इतकी जुनी संसद माणसे परत घेते, ती पद्धत आपल्या गावाला कमी का वाटावी?

बहरीनमधल्याच तुबलीत एका गॅरेजच्या माडीवर तो दोन भावबंदांसह राहतो: सुतारकाम करणारा स्वरूप आणि एसी दुरुस्त करणारा पुतण्या परीक्षित. शुक्रवारी सकाळी लॉर्ड स्वतः निर्वाचन अधिकारी म्हणून तेथे आला आणि परीक्षितच्या खाटेवर बसला. बिनविरोध निवड त्याला मान्य नव्हती. म्हणून स्वरूपला उभे करण्यात आले. पंचाहत्तर शब्दांच्या आत आपली पात्रता सांगायची, असा नियम होता. शंभू म्हणाला, “मी थोरला. बापूस घाडी होतो.” लॉर्ड म्हणाला, “माझे निवेदन लांब होते. आशय हाच.”

चहापावडरीच्या डब्यात मते पडली. शंभूला दोन, स्वरूपला एक. लॉर्डने उभे राहून निकाल जाहीर केला.

“स्वरूपकाका, तुमी सोताकच मत दिलास?” परीक्षितने विचारले.

“मगे? उमेदवाराचो काय मान आसा की नाय?”

शंभूने लगेच गावी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर तातू आणि त्याच्यामागे भावबंद बसले होते. शंभूने निकाल सांगितला.

“शंभू, काल सांजेपर्यंत तूच घाडी होतंस,” तातू म्हणाला. “आमी नुसती धमकी दिललंव. ‘घाडी कोण’ ह्या तुया इचारलंस. आता आमका पण इचारूक होया.”

वंशपरंपरेने आलेल्या अधिकाराचे सारे बळ त्याबद्दल कोणी न विचारण्यात असते. तातू शाळेत नववीपलीकडे गेला नव्हता, परंतु सत्तेचे हे तत्त्व त्याला ठाऊक होते. शंभूने जो अधिकार सिद्ध केला, तो सिद्ध करण्याच्या कृतीनेच संपला होता.

भावबंदांनी दोन दिवस खल केला. ऑफिसात भांडतात तसे घाडी भांडत नाहीत; ते तोडगा काढतात. मान तातूकडे आणि त्याच्या मुलांकडे गेला. शंभूचा अपमान नको म्हणून ठरले: “तू जिवंत आसस तवसर घाडीच. पण गावच्या शिवेभायर.”

शंभू आधी रडला. मग त्याने हिशोब मांडला. शिवेबाहेर म्हणजे मुंबई, बहरीन, सौदीला जाणारा पूल, सगळेच आले. लॉर्डने त्याचे अभिनंदन केले: “तहहयात पद. जागा गेल्यावर मलाही बहुधा तेवढेच मिळेल, मिळाले तर.”

जत्रेच्या दिवशी लॉर्ड विधेयकाविरुद्ध मत द्यायला लंडनला निघाला. विमानतळाच्या दारापुढे त्याने विचारले, “माझ्यासाठी गाऱ्हाणे घालाल?” शंभूने चपला काढल्या. स्वरूप आणि परीक्षित मागे उभे राहिले.

“बा देवा महाराजा, ह्यो लंडनचो मानकरी. ह्येचो मान जाता हा. तो ऱ्हवांदे रे महाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“मी काय म्हणायचे?” लॉर्डने विचारले.

“तुमच्या सभेत काय म्हणता?”

“संमती असेल तर ‘कंटेंट’.”

“तेच म्हणा.”

“कंटेंट,” लॉर्ड गंभीरपणे म्हणाला आणि आत गेला.

पहारेकरी शिटी वाजवत आला. “यल्ला, यल्ला. गाडी हलवा.”

परीक्षित अजून विचारात होता. “काका, गावदेवाची हद्द पण शिवेपर्यंतच ना? मगे हयलां गाऱ्हाणा आयकता कोण?”

शंभूने चपला पायात सरकवल्या.

“गाडीत बस,” तो म्हणाला. “तो शिटी मारता हा.”