आधी पडवीत

कुणी पेनड्राइव्ह पुढे केला की भाऊ तो दोन बोटांत, पाठीकडून धरायचे. आमच्याकडे पावसाळ्यात बांधावरची चिंबोरी धरतात ना, अगदी तशी. नांगी लागू नये म्हणून. मग चष्म्यावरून एकदा त्या माणसाकडे बघायचे, एकदा पेनड्राइव्हकडे, आणि म्हणायचे, "आधी पडवीत बसवू. घरात घ्यायचं का नाय ते मग बघू."

मुरबाडच्या एस.टी. स्टँडकडून बाजारात वळलं की त्यांचं दुकान लागायचं. झेरॉक्स, टायपिंग, पत्रिका छपाई, ऑनलाइन कामं. असं दुकान तुमच्याही गावात असेल, पण तिथला माणूस असा नसेल. मी इथल्या शाळेत मराठी शिकवते. चाचणीच्या प्रश्नपत्रिका छापायला त्यांच्याकडे जायचे, तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या पेनड्राइव्हलाही त्यांनी तसंच चिमटीत धरलं. मला रागच आला.

"भाऊ, सातवीची प्रश्नपत्रिका आहे ती. चोर नाही."

"प्रश्नपत्रिका चांगल्या घरची हाय बाई," ते म्हणाले, "पन तिच्यासंगं कोन कोन आलंय ते बघतो."

तिच्यासोबत खरंच एक व्हायरस आला होता. शाळेच्या कॉम्प्युटरमधून. 

ही पडवी म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या इकडच्या घरांना पुढे पडवी असते. आलागेला आधी तिथे टेकतो, पाणी पितो. माणूस कोण, कशासाठी आला हे कळल्यावर आत बोलावणं. भाऊंच्या कॉम्प्युटरवर तसंच एक सॉफ्टवेअर होतं. सँडबॉक्स म्हणतात त्याला. पडद्यावर पिवळ्या कडेची एक चौकट उघडायची. तिच्या आत कसलीही फाइल उघडा, कुठलीही वेबसाइट बघा, नवा प्रोग्राम चालवून बघा. त्याने आत कितीही धुडगूस घातला तरी बाहेरच्या कॉम्प्युटरला धक्का लागत नाही. काम झालं की चौकट रिकामी करायची, की आत जे काही झालं ते सगळं पुसलं जातं. भाऊ याला 'पडवी झाडणे' म्हणायचे. दिवसातून दहा वेळा ती झाडली जायची, आणि झाडली की ते उगाचच हात झटकायचे.

हे खूळ त्यांना आधीपासून नव्हतं. पूर्वी एकदा कुणाच्या तरी फाइलमधून असं काही आत शिरलं, की दुकानातला सगळा कॉम्प्युटर कुलूपबंद झाला. ऐन लग्नसराईत लोकांच्या पत्रिका, मुलांचे दाखले, फोटो, सगळं अडकलं. लोक दारात येऊन नाही नाही ते बोलून गेले. तेव्हापासून भाऊंनी विश्वास ठेवायचं सोडलं असं नाही. विश्वास ठेवण्याआधी चहा पाजायला सुरुवात केली.

एकदा म्हसा गावचा एक दूधवाला मोबाइल घेऊन आला. कुणीतरी लग्नाची पत्रिका पाठवली होती, पण ती उघडत नव्हती. भाऊंनी ती पडवीत घेतली. कॉम्प्युटरच्या आत एक खोटा मोबाइल उघडायचा आणि त्यात ती फाइल चालवायची, अशीही सोय त्यांनी करून ठेवली होती. फाइल उघडली आणि भाऊ हसायला लागले.

"ही कसली रे पत्रिका? नवऱ्याचं नाव नाय, नवरीचं नाय, मुहूर्त नाय. आनि तुझे सगळे मेसेज वाचायला मागते. बँकेचे पन."

दूधवाला घाबरला. मग जरा वेळाने म्हणाला, "तरी पन जेवन कुठं हाय, ते बघा ना जरा."

भाऊंनी पडवी झाडली, त्याच्या मोबाइलमधूनही ती फाइल काढून टाकली, आणि त्याला सरबत पाजून पाठवला.

सॉफ्टवेअरचा हा नियम हळूहळू सगळ्या संसाराला लागला. नवी चप्पल आधी दुकानात, पंख्याखाली बसून घालायची. नवी चहापावडर आधी एक कप करून स्वतः प्यायची, मग गिऱ्हाइकाला. वहिनी कपाळाला हात लावायच्या. "आमच्या लग्नाच्या टायमाला यांना ही पडवी ठाव नव्हती म्हनून बरं झालं," त्या मला म्हणाल्या होत्या, "नायतं मी अजून भायेरच बसलेली असते."

त्यांच्या लेकीने लग्न स्वतः ठरवलं. मुलगा शहापूर तालुक्यातला, उंबरमाळीकडचा, कल्याणला नोकरी करणारा. भाऊंनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. रविवारी त्या मुलाला सोबत घेतलं आणि सिद्धगड चढायला गेले. धाप लागली की माणूस खरं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. सोमवारी मी दुकानात गेले तर चेहरा खुललेला.

"पोरगा चांगला हाय, बाई."

"चढला का गड?"

"नाय ना! अर्ध्यात बसला. म्हनाला, काका, माझ्याच्यानं नाय होत, तुमी जाऊन या, मी हितंच बसतो." भाऊंना कौतुक आवरत नव्हतं. "सासऱ्यापुढं छाती फुगवून वर आला असता नि मंग माझ्या पोरीला जलमभर खोटं सांगत बसला असता. त्यापरीस हे बरं."

लग्न ठरलं, आणि ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं सांगते आहे ती इथून सुरू झाली.

भाऊंची आई ते लहान असतानाच गेली होती. त्यांना वाढवलं ते आत्याने. आत्या धवळारीण होती. लग्नात हळदीला जे धवळे, म्हणजे देवापितरांना बोलावण्याची गाणी, गातात, ते आमच्या भागात तिच्याइतके कुणाला येत नव्हते. बाकीच्या बायका तिच्या मागून ओढत न्यायच्या. पुढचं कडवं काय, हे तिच्या तोंडाकडे बघून त्यांना कळायचं. आता तिचं वय झालं होतं, गाताना धाप लागायची. तिच्यानंतर हे धवळे म्हणणारं कुणी नव्हतं. लेकीच्या लग्नात ती गाईल ते सगळं जपून ठेवायचं, असं भाऊंनी मनाशी पक्कं केलं. एरवी कशाचीही घाई न करणारा माणूस महिनाभर मला एकच विचारत होता, "बाई, समदं येईल ना पकडता?"

हळदीच्या दिवशी मी त्यांच्या गावच्या घरी गेले. भाऊंनी लॅपटॉप मांडला होता, जवळ माइक. आवाज चांगला पकडणारा एक नवा प्रोग्राम त्यांनी खास उतरवून घेतला होता. नवा, म्हणजे अर्थातच पडवीत. पिवळ्या चौकटीत तो उघडला आणि चालू केला.

आत्या गायली. काय गायली! आधी गावदेवाला बोलावलं, मग वेशीवरच्या देवाला, मग कुळातल्या गेलेल्या माणसांना नावं घेऊन. मांडवाच्या खांबाला धवळा, हळकुंडाला धवळा, जात्याला धवळा. मध्ये खोकला यायचा, तो ओसरला की जिथे सोडलं तिथूनच पुढे. आईचं नाव आलं तेव्हा भाऊंनी टोपी काढून हातात धरली.

हळद संपली, बायका जेवायला उठल्या. भाऊंनी प्रोग्राम बंद केला. काम झाल्यावर ते जे नेहमी करत तेच त्यांनी केलं. चौकट रिकामी करताना, आतलं काही ठेवायचं आहे का, असं त्या यंत्राने विचारलंदेखील होतं. वर्षानुवर्षांची सवय. बोट सरळ 'नको'वर गेलं. हात झटकले, आणि झटकलेले हात तसेच हवेत राहिले.

मी शेजारीच होते. माणसाच्या चेहऱ्यावरून रंग उतरतो म्हणतात, तो मी त्या दिवशी पाहिला.

मांडवात त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. पानं वाढली, पाहुण्यांना हाताला धरून बसवलं, लेकीला सासरी पाठवलं. दोन दिवसांनी सगळं निवल्यावर आत्यापुढे जाऊन बसले आणि सांगितलं. मी लग्नासाठी दिलेलं माझं सामान परत न्यायला आले होते, म्हणून तिथे होते.

"गेलं तं गेलं," आत्या म्हणाली. "त्यात रडतोस काय?"

"परत गा ना गं आत्या. आता नीट घेतो."

"आता? कोनाचं लगीन हाय आता?"

"लगीन नाय. असंच. मशीनपुरतं."

आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. "देवांना बोलवायचं, तुझ्या आयसला बोलवायचं, आनि ती आली का सांगायचं, लगीनबिगीन काय नाय, जा परत? खोटं बोलावनं नाय करायचं, बाला."

 सगळं काही आधी खोटंखोटं चालवून बघणारा माणूस, आणि पुढ्यात अशी एकच गोष्ट, जी खोटंखोटं करताच येत नाही. गायलं की पाहुणे येतात. मला त्यांची दया आली आणि खरं सांगायचं तर आत्याचा अभिमानही वाटला.

तो पावसाळा भाऊंना फार जड गेला. घराण्यात दुसरं लग्न नव्हतं. गावात दिवाळीनंतरची जी होती, त्या घरांत डीजे ठरलेले. रोज संध्याकाळी ते शेजारणीच्या मोबाइलवर आत्याला फोन करायचे आणि ती काय बोलते यापेक्षा खोकते किती, हेच ऐकायचे. भाद्रपदात ती आजारी पडली तेव्हा दुकान बंद ठेवून तिच्या उशाशी बसले. तिथेही धवळ्यांचं नाव काढलं नाही. ती उठली, हिंडूफिरू लागली, आणि दिवाळी झाल्यावर तिचाच निरोप आला. तुळशीचं लगीन बी लगीनच हाय. येताना ते मशीन घेऊन ये.

मीही गेले. अंगणात तुळशीला उसाचा मांडव, चिंचा-आवळे, शेजारची पोरं अक्षता घेऊन तयार. भाऊंनी लॅपटॉप उघडला. मी सवयीने विचारलं, "पडवीत?"

"नाय बाई. आज सरळ घरात." आणि त्यांनी तो प्रोग्राम चौकटीबाहेर, उघड्या कॉम्प्युटरवर चालू केला. बोट दाबताना मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखे दचकले. शिवाय खिशातला मोबाइल चालू केला, माझा करायला लावला, जावयाचा करायला लावला.

त्या दिवशी भाऊंनी सगळ्यांना छळलं. दर धवळ्याला वाकून पडद्यावरची रेघ हलते का ते बघायचे. मध्येच बोलायचे. "कुत्र्याला हाकला रे कोनी." "आत्या, जरा हिकडं तोंड कर." "पोरांनो, नंतर भांडा." आत्या गाता गाता डोळे वटारायची. पण तुळशीचं लग्न लागलं आणि धवळे पुरते झाले. भाऊंनी तिथल्या तिथे ते ऐकून पाहिले, मग आणखी एकदा पाहिले, मग अंगणातच बसले आणि लहान मुलासारखे रडले.

नंतर त्यांनी त्याच्या प्रती काढून घरोघर दिल्या. मलाही दिली. देताना ओशाळून म्हणाले, "बाई, त्यात माझंच बोलनं लय झालंय. कापून टाकतो समदं. मंग नवीन देतो." मी भेटले की हाच विषय. आज कापतो, उद्या कापतो. गर्दी असायची, राहून जायचं.

माघात भाऊ गेले. सकाळी शटर वर केलं, खुर्चीवर बसले आणि गेले. वहिनी आता नुसतं झेरॉक्सचं बघतात. कॉम्प्युटरवर कापड घातलेलं आहे.

दिवसकार्य झाल्यावर मी आत्याला भेटायला गेले. ती अंथरुणावर बसून होती, शेजारी पाण्याचा तांब्या.  तिने विचारलं, "तुझ्या मोबाइलात हाय का गो ते, तुळशीचं?"

मी काढलं. पहिला धवळा सुरू होतो न होतो तोच तिने माझा हात धरला.

"गानं नको. घरातलं मानूस गेलंय. वरीसभर लगनाचं गानं नाय ऐकायचं." तिने माझा हात सोडला. "तो बोलतो तेवढंच लाव."

मग मी बोटाने पुढे सरकवत सरकवत भाऊ शोधत बसले. गाणं आलं की पुढे, भाऊ आले की थांबायचं. कुत्र्यावर ओरडले. पोरांना दटावलं. एका ठिकाणी आत्याचा खोकला ऐकू आला आणि लगेच अगदी जवळून, माइकला तोंड लागल्यासारखा त्यांचा आवाज आला. "दमलीस ना? घोटभर पानी पी आधी. कोन पळतंय तुझ्या मागं?"

आत्याने तांब्या उचलला आणि पाणी प्यायली.