पास झालेला पाइप

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तुझा पाइप मामाआजोबांना आवडला का?" मी तोंड उघडायच्या आत तुमचे आजोबा म्हणाले, "एकदम झकास झाला!" पण अर्धवट उत्तर तुमच्यापाशी राहिलेलं मला चालणार नाही, म्हणून क्रमाने लिहिते.

दादा, माझा थोरला भाऊ, साताऱ्याला असतो. कॉलेजात शिकवायला लागला तेव्हापासून तो पाइप ओढतो. तंबाखूबद्दल माझं मत तुम्हाला ठाऊक आहे. पण ऐंशीव्या वर्षी त्याला सुधारणं माझ्या हातात नव्हतं, आणि वाढदिवसाला पाइप घडवून देणं होतं. तुमच्या बाबांनी तिकडून ब्रायरचा ठोकळा पाठवला. ब्रायर म्हणजे एका झुडपाच्या मुळाशी वाढणारी गाठ. ती सहजासहजी जळत नाही. काळेवाडीच्या लेथवाल्याकडून तंबाखूची वाटी आणि धुराचं भोक कोरून आणलं. पुढचं सगळं माझं.

कानस कशी धरायची, हे मात्र आजोबांनी शिकवलं. बाल्कनीतलं टेबल त्यांचंच. चाकणच्या कंपनीत त्यांनी आयुष्यभर माल तपासला. नापास तुकड्यावर ते लाल रंगाचा पट्टा ओढत, म्हणजे तो गुपचूप चांगल्या मालात परत जाऊ नये. एकदा माल पुरवणारा एक जण थेट चिंचवडच्या घरी आला होता. "साहेब, केसाएवढी चीर आहे राव! तेवढ्यानं काय गाडी थांबणार आहे का?"

"थांबणार नाही," आजोबा म्हणाले. "ब्रेकचा पार्ट आहे."

तो माणूस हसत हसत चहा पिऊन गेला, पण कंपनीतला माल त्याला परत न्यावाच लागला. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

ठोकळ्याचे कोपरे आधी भरड कानशीने उतरवले. मग वाटीचा गोल. तो दिसायला सोपा, पण एका बाजूला जरा जास्त घासलं की दुसरी बाजू फुगीर वाटते. मी सारखी पाइप मुठीत धरून बघत असे. दादाचा हात मोठा आहे, म्हणून खालचा भाग मुद्दाम जाड ठेवला. तोंडात धरायची दांडी दातांना टोचू नये, म्हणून तिचं टोक पातळ करत आणलं. मग पॉलिश पेपर, आधी खरखरीत, मग बारीक. लाकूड ओलं करायचं, उभे राहिलेले तंतू वाळले की पुन्हा घासायचं. हळूहळू लाकडातल्या रेषा वर आल्या, ज्वाळांसारख्या. फिकट रंग द्यायचा, रेषा दिसू द्यायच्या, असं मी तेव्हाच ठरवलं.

आणि अगदी शेवटच्या हाताला वाटीच्या बाजूवर एक खळगा उघडला. मसुराच्या दाण्याएवढा. मुळाच्या लाकडात असे खळगे आत दडलेले असतात.

"अहो, हे बघा. गेला का हा?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाइप डोळ्याजवळ धरला. "वरवरचा दिसतोय. ठेव इथे, बघतो."

मी भाजी आणायला गेले. परत आले तर खळगा नव्हता. "घासल्यावर गेला," ते म्हणाले. "रंग मात्र गडद दे. दादाला शोभेल." मला फिकट हवा होता. तरी मी गडद दिला, कारण तपासणीत त्यांचा शब्द शेवटचा, असंच मी मानत आले होते.

वाढदिवसाला दादाने पाइप सगळ्या पाहुण्यांना फिरवून दाखवला. "माझ्या बहिणीनं केलाय. तिच्या कामात खोट सापडायची नाही." आठवड्याभरात त्याचा फोन आला.

"काय गं, लांबी कुठली वापरलीस?"

"लांबी? ती तर सुतार फटी बुजवायला वापरतात."

"तीच म्हणतोय. पाइप तापला आणि बाजूचा गोळा टपकन ताटलीत पडला. अगं, खळगा होता तर खळग्यासकट मिरवला असता मी. झाकायचं कशाला? तेही तू?"

फोन ठेवून बाहेर आले. आजोबा पेपर वाचत होते. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"भरला होता मी. भुसा आणि गोंद. तू इतके दिवस घासत होतीस, फेकून दे म्हणायचं जिवावर आलं. कंपनीतसुद्धा कधीकधी डेव्हिएशनवर, म्हणजे थोडी सूट देऊन, पास करतात."

"तुम्ही केलंत कधी?"

"नाही. तिथे समोर गिऱ्हाईक होतं."

"आणि मी?"

"तू घरची ना!"

प्रेमानेच म्हणाले. तेच मला सोसलं नाही. परक्यांच्या लोखंडाला ज्या माणसाने कधी खोटं प्रमाणपत्र दिलं नाही, त्याने माझ्या कामाला ते दिलं, आणि वर ती खोट झाकणारा रंग माझ्याच हातून लावून घेतला.

दादाला खरं काय ते सांगा, एवढंच मी मागितलं. त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. रक्तदाबाची चौकशी झाली, साताऱ्याच्या पावसाची झाली. मग म्हणाले, "हो हो, पाइपचं कळलं. लाकडात होतं असं." आणि फोन माझ्या हातात दिला.

मग मीच सांगितलं. खळगा कधी दिसला, कोणी बुजवला, सगळं. दादा हसला. "बरं बरं. आता नवऱ्याला कशाला मध्ये ओढतेस? झालं ते झालं." पाइप त्याने शोकेसमध्ये ठेवलाय, म्हणे.

आजोबांशी माझं भांडण नाही. जेवण, चहा, औषधं सगळं वेळेवर चालू आहे. फक्त ते "छान" म्हणाले की माझा हात थांबतो. आमटी छान, साडी छान, तुझं इंग्रजी छान. इतक्या वर्षांत किती वेळा म्हणाले असतील. त्यातलं काय तपासलेलं होतं आणि काय घरचं म्हणून सोडलेलं, हे आता कसं कळायचं?

परवा माझ्या गुडघ्याच्या एक्स-रेचा रिपोर्ट तेच घेऊन आले. "काही विशेष नाही, वयाप्रमाणे झीज आहे." एरवी मी पाकीट फाइलला लावून मोकळी झाले असते. दुसऱ्या दिवशी ते फिरायला गेल्यावर मी एकटीच रिक्षा करून डॉक्टरांकडे गेले आणि पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, अगदी त्याच शब्दांत. घरी आले तेव्हा आजोबा दारातच होते. "कुठे गेली होतीस गं?" मी म्हटलं, "कोथिंबीर संपली होती."