कपावर आडवा हात

सौदीतल्या खमीस मुशैत शहरातल्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन म्हणून लागून मला दोनच महिने झाले होते. सुट्टी बघून मी जवळच्या राखीव जंगलातला डोंगर चढायला निघालो. पायात नवे बूट, दोन्ही हातांत काठ्या, थाट सगळा एव्हरेस्टचा.

अर्ध्या वाटेवर, जुनिपरच्या झाडाच्या सावलीत एक आजोबा बसले होते. डोक्याभोवती तिकडच्या रिवाजाप्रमाणे रानफुलांची माळ, पायात साध्या चपला आणि पुढ्यात भलीमोठी किटली. त्यांनी मला खुणेनेच बसवलं आणि चिमुकल्या कपात वेलदोड्याची कॉफी दिली. ती संपताच दुसरी ओतली, मग तिसरी. चौथ्या वेळी मी आपण पानावर धरतो तसा कपावर आडवा हात धरला. ते अदबीने थांबले आणि मी हात काढताच पुन्हा ओतते झाले. आठव्या कपाला मी पोटावरून हात फिरवून दाखवला, तर त्यांनी खजूर पुढे केले. समोरच्या खडकावरचं बबून माकड आमच्याकडे बघून बघून शेवटी झोपलं.

अकराव्या कपाला किटली संपली. तोवर धुक्यात शिखर बुडालं होतं. आजोबांनी मोठा सुस्कारा सोडला.

"बस होना, तो कप हिलाओ," ते मोडक्या हिंदीत म्हणाले. "तुम हिलाता नहीं, तो हम कैसे रुकेगा? मेरे को भी ऊपर जाना था."

आम्ही बरोबरच उतरलो; वाटेत मी दोनदा झाडाआड गेलो. दोन्ही वेळा ते पाठ फिरवून, रिकामी किटली सांभाळत, माझ्यासाठी थांबले.