पऱ्हाटीतले जीव

चालतं दुकान सोडून पऱ्हाटीच्या मागे लाग, असं मला काही पर्यावरणानं सांगितलं नव्हतं. खरं कारण माझी आई.

आम्ही कारंज्याचे जैन, किराणा दुकानवाले. एका उन्हाळ्यात आई आणि मी एसटीनं घरी येत होतो. कापसाचा हंगाम संपला होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतकरी पऱ्हाटीचे, म्हणजे वाळक्या कपाशीचे, ढीग पेटवत होते. आईनं नाकाला पदर लावला. "किती जीव जळून राह्यले रे," म्हणाली, आणि त्या दिवशी जेवलीच नाही.

तेवढ्यावरून मी दुकान भावाच्या हवाली केलं, मशीन आणली, चार माणसं कामाला ठेवली आणि पऱ्हाटी दळून, दाबून भट्ट्यांसाठी जळणाच्या कांड्या करायला लागलो. बाजारात लोक म्हणाले, शेठ भैताड झाला, डोकं फिरलं त्याचं. काय खोटं म्हणाले? मशीन रोज बिघडायची, भुसा नाकातोंडात, पाठीची पार वाट लागली. पण आईसाठी करतोय म्हणून सगळं सोसलं.

तिसऱ्या वर्षी मोठ्या कौतुकानं तिला कारखाना दाखवायला नेलं. तिनं ढिगातली एक काडी उचलली आणि तिच्यावर राहिलेलं बोंड सहज फोडलं. आत गुलाबी अळी वळवळत होती.

"हे कुठी जाते?" तिनं विचारलं.

शेजारी मशीन घरघरत होती. सारा जन्म कापसाच्या गावात गेला आणि एवढी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही! स्वतःचाच भयंकर राग आला.

"शेतात जळल्या असत्या तरी मेल्याच असत्या ना वं आई," मी म्हणालो.

"हो. पन तुह्या हातानं नसत्या मेल्या."

"मंग ढीग तसेच राहू देऊ? अळ्यायचे पतंग होतीन अन् पुढच्या साली साऱ्यायचा कापूस खातीन. लोक जोड्यानं मारतीन मले."

ती मशीनकडे नुसती पाहत राहिली. आता बंद कर म्हणेल, असं वाटलं. खोटं कशाला बोलू, तिनं तसं म्हणावं असंच मला वाटत होतं. इतका थकलो होतो मी.

"बंद नोको करू," शेवटी ती म्हणाली. "चार घरायचं पोट हाय यावर. पन माह्यासाठी करून राह्यलो, असं आता म्हनू नोको."